सायटेशनचा आकडा आणि संशोधकाचं काम

वैद्यकीय संशोधकाची ओळख करून देताना हल्ली आधी आकडे वाचले जातात. शोधनिबंध एवढे, सायटेशन्स (इतरांच्या निबंधांत त्यांचे दिलेले दाखले) एवढी, एच-इंडेक्स अमुक. त्याने शोधलं काय, हे बरेचदा सांगायचं राहूनच जातं. आकडा मोठा म्हणजे काम मोठं आणि आकडा लहान म्हणजे काम सुमार, हा समज आता विद्यार्थ्यांपासून निवड समित्यांपर्यंत मुरला आहे. तो किती कच्चा आहे, ते शंभुनाथ डे यांच्या उदाहरणावरून दिसतं.

डे कोलकात्यात पॅथॉलॉजी शिकवत. पटकीचा जंतू रोग्याच्या अंगातलं पाणी कसं काढून घेतो, हा त्यांचा प्रश्न होता. जंतू विष सोडत असावा, असा अंदाज रॉबर्ट कॉख यांनी 1884 मध्येच बांधला होता, पण पुरावा कुणाच्या हाती लागत नव्हता. डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक भाग दोन्हीकडून दोऱ्याने बांधला आणि त्यात जंतू सोडले. तो भाग पाण्याने टरारून फुगला. हे काम 1953 मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे त्यांनी जंतू वाढवलेलं द्रावण गाळून घेतलं आणि जंतू नसलेलं ते पाणी आतड्यात सोडलं. आतडं तरीही फुगलं. विष आहे, हे सिद्ध झालं. 1959 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या या निबंधावर एकट्या डे यांचं नाव आहे.

त्यानंतर कितीतरी वर्षं या निबंधाची कुणी फारशी दखल घेतली नाही. डे 1973 मध्ये निवृत्त झाले. हयातीत त्यांना भारतातल्या एकाही विज्ञान अकादमीचं सदस्यत्व मिळालं नाही. 1978 मध्ये पटकीवरच्या नोबेल परिसंवादाचं निमंत्रण मात्र आलं. 1985 मध्ये ते गेले आणि पुढच्याच वर्षी युजीन गारफील्ड यांनी त्यांच्या कामावर सविस्तर लेख लिहिला. सायटेशन मोजण्याची पद्धत ज्यांनी उभी केली, ते हेच गारफील्ड. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. मोजपट्टी घडवणाऱ्यानेच तिच्यातून निसटलेल्या माणसाकडे बोट दाखवलं.

आता उलट बाजू. सर्वाधिक उद्धृत निबंधांत ऑलिव्हर लाउरी यांचा 1951 चा निबंध पहिल्या स्थानावर राहिला आहे. त्याचा दाखला तीन लाखांहून जास्त वेळा दिला गेला. त्यात आहे काय? प्रथिनाचं प्रमाण मोजण्याची एक सोयीची रीत. हा आपला थोर निबंध आहे, असं खुद्द लाउरीही मानत नसत. रोज लागणाऱ्या पद्धतीचा दाखला सगळेच देतात. आकडा त्या वापराचा असतो. अँड्र्यू वेकफील्ड यांच्या निबंधाचं आणखी वेगळं. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा तो निबंध 1998 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, बारा मुलांच्या नोंदींवर बेतलेला. 2010 मध्ये तो मागे घेण्यात आला. त्याचेही उल्लेख भरपूर झाले, पण बहुतेक त्याला खोडून काढण्यासाठी. मोजणीत पाठिंब्याचे आणि खंडनाचे उल्लेख सारखेच धरले जातात.

निबंध कुठे छापला, यावरूनही त्याची किंमत ठरवतात, इम्पॅक्ट फॅक्टर पाहून. पण हा आकडा नियतकालिकाचा असतो, निबंधाचा नाही. नियतकालिकाच्या आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना सरासरी किती सायटेशन्स मिळाली, एवढंच तो सांगतो. ‘नेचर’नेच 2005 मध्ये संपादकीयात मान्य केलं की त्यांच्या या आकड्यातला 89 टक्के वाटा जेमतेम 25 टक्के लेखांचा होता. उरलेले लेख या मूठभरांच्या पुण्याईवर भारी ठरतात.

एच-इंडेक्स 2005 मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. किमान दहा सायटेशन्स मिळालेले दहा निबंध असतील तर इंडेक्स दहा, असा त्याचा हिशेब. एखाद्याचे पाचच निबंध असतील आणि प्रत्येकाला हजार सायटेशन्स असतील, तरी त्याचा इंडेक्स पाच. तीस निबंधांना तीस-तीस मिळालेल्याचा तीस. शिवाय हा आकडा कधी खाली येत नाही. वयाबरोबर तो वाढतो किंवा थांबतो. तरुण संशोधकाला ज्येष्ठाशेजारी उभं करून त्यावरून तोलणं सरळ अन्यायाचं आहे.

निबंधांच्या नुसत्या संख्येचं काय होतं, ते पुण्यात तपासलं गेलं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अभ्यासकांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतली नियतकालिकं चाळून पाहिली. हा अभ्यास 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. विद्यापीठांनी सुचवलेल्या 1009 नियतकालिकांपैकी मूलभूत निकषांत बसली फक्त 112. बाकीच्यांत छापून आलेले निबंधही कुणाच्या ना कुणाच्या बायोडेटात मोजले गेले असणारच.

एक समज मात्र फारसा बोलला जात नाही: महत्त्वाच्या शोधाची सायटेशन्स कायम वाढत राहतात, हा. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी याच्या नेमकं उलट निरीक्षण नोंदवलं होतं. शोध सर्वांच्या ओळखीचा झाला की मूळ निबंधाचा दाखला देणंच थांबतं. पटकीच्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना एमबीबीएसचा विद्यार्थी आज जंतूच्या विषाने आतड्यात पाणी कसं साचतं, हे सहज लिहून जातो. त्या ओळीपुढे कंसात डे, 1959 असं लिहायची गरज त्याला पडत नाही.