‘झोप येणे’ आणि ‘झोप लागणे’

लहान मुलाच्या झोपेविषयी मराठीत बोलताना आपण दोन निराळ्या वाक्यरचना वापरतो. ‘आईने बाळाला झोपवले’ ह्या वाक्यात आई कर्ता, बाळ कर्म आणि क्रियापद प्रयोजक आहे. ‘बाळाला झोप लागली’ ह्या वाक्यात कर्तेपद झोपेकडे आहे. बाळ केवळ अनुभव घेणारे, आणि आईचा तर तेथे उल्लेखही नाही. भूक, ताप, राग, आठवण ह्यांच्याविषयी आपण असेच बोलतो. ‘झोप’ अशी आज्ञा मुलाला करता येते. ‘झोप लागणे’ ह्या प्रयोगाला आज्ञार्थ नाही. रात्री दोन वाजता मूल खांद्यावर घेऊन येरझारा घालणाऱ्या आईबापांना हा व्याकरणाचा भेद पोरकट वाटेल. परंतु त्यांच्या चिडीचे एक कारण असे की ते जी गोष्ट ‘करू’ पाहतात ती करता येण्याजोगी नसते. फक्त तिची वाट मोकळी करून देता येते.

ह्याच शब्दसमूहात ‘येणे’ आणि ‘लागणे’ असा आणखी एक सूक्ष्म भेद आहे. जांभई, डोळे चोळणे, खेळातून लक्ष उडून एकटक पाहत राहणे, कारणावाचून किरकिर, ही झोप ‘आल्याची’ चिन्हे होत. श्वास संथ झाला, मूठ सैल पडली, की झोप ‘लागली’. ह्या दोहोंमधील अवधी फार मोलाचा असतो. मूल तीन-चार महिन्यांचे झाल्यावर त्याला अधूनमधून ह्या अवधीतच अंथरुणावर ठेवून पाहावे. दर वेळी मांडीवर झोप लागलेले मूल मध्यरात्री जागे झाले की मांडीच शोधते. अंथरुणावर झोप लागलेल्या मुलाला जागे झाल्यावर भोवताल ओळखीचा वाटतो. हा अवधी हातचा गेला की तेच मूल तारवटून अधिक रडू लागते. त्यालाच आपण ‘झोप उडणे’ म्हणतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाविषयी मात्र असा आग्रह व्यर्थ होय. त्याच्या शरीरात रात्र-दिवसाचा ठेका अजून बसलेलाच नसतो. ते पिता पिता झोपले तर झोपू द्यावे.

तिसरा शब्द ‘चाळवणे’. तान्ह्या मुलाच्या निद्रेचे एक आवर्तन सुमारे पन्नास मिनिटांचे असते, प्रौढाचे सुमारे नव्वद. दोन आवर्तनांच्या सांध्यावर मूल हात-पाय हलवते, कण्हते, क्वचित डोळेही उघडते. हे जागे होणे नव्हे, चाळवणे आहे. हा शब्द आपल्या आज्यांना ठाऊक होता आणि त्याला जोडून ‘थोपटणे’ हाही. नव्या आईबापांकडून बहुधा चूक होते ती येथेच: मूल चाळवले की ते त्याला उचलतात, दिवा लावतात, आणि चाळवलेल्याचे जागे करतात. क्षणभर थांबावे, मग छातीवर हात ठेवावा. रडे वाढले तर अर्थातच उचलावे. पहिल्या सहा महिन्यांत रात्रीचे पाजणे ही खोड नसून गरज आहे, हे घरातील वडीलधाऱ्यांनीही ध्यानात घेतले पाहिजे.

झोप किती हवी, हे थोडक्यात सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेनुसार, दिवसाची झोप धरून, पहिल्या तीन महिन्यांत १४ ते १७ तास, चार ते अकरा महिन्यांपर्यंत १२ ते १६, एक-दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४ आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते.

आता भाषेकडे वळू. डॉ. अशोक रा. केळकर यांनी १९६४ साली मराठीतील बालबोलीवर एक निबंध प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांच्या बालबोलींची जी तुलना केली तीत मराठी ही एक होती. मोठ्या माणसांनी मुलाशी बोलण्यासाठी राखून ठेवलेल्या ह्या बोलीत निजेचे शब्द पाहावेत: ‘गाई गाई’, ‘जो जो’, ‘निन्नी’. अक्षरे थोडी, स्वर लांबवता येणारे, आणि द्विरुक्ती. ‘जो जो’पासून ‘जोजवणे’ हे क्रियापद प्रौढांच्या भाषेतही येऊन बसले आहे. ह्या शब्दांना अर्थ जवळजवळ नाही, आणि तेच त्यांचे सामर्थ्य. सांत्वनाच्या बोलण्यात स्वर हळूहळू खाली उतरतो व लय संथ होते. मूल शब्द समजण्यापूर्वी हा उतार ओळखते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका प्रयोगात, सात ते दहा महिन्यांची मुले अपरिचित भाषेतील गाणे ऐकत असता सुमारे नऊ मिनिटे शांत राहिली. बोलणे ऐकताना त्याच्या सुमारे निम्माच वेळ. तेव्हा गळा गोड नाही म्हणून संकोचण्याचे कारण नाही. (बारशाचा ‘पाळणा’ वेगळा. तो जमलेल्या बायकांनी जमलेल्या बायकांसाठी गायचा असतो. बाळ बहुधा त्याने जागे होते.)

ह्याहून महत्त्वाचा आहे तो क्रम. २००९ साली चारशेहून अधिक माता व मुलांवर झालेल्या एका अभ्यासात, रोज रात्री त्याच क्रमाने स्नान, मालिश व शांत कार्यक्रम ठेवल्यावर मुलांना झोप लवकर लागू लागली, रात्रीचे जागणे घटले आणि मातांची मनःस्थितीही सुधारली. मुलाला घड्याळ कळत नाही; एकामागून काय येते ते कळते.

ही गोष्ट आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात विशेष विचार करण्याजोगी आहे. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या अखेरीस सुरू झाला आणि पुढे जिल्ह्याच्या उत्तरेकडील कालव्यांच्या पट्ट्यात कारखाने वाढले. तोडणीचे हात मात्र पाथर्डी, शेवगाव, जामखेड अशा कोरडवाहू तालुक्यांतून येतात. मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. गाळपाच्या हंगामात हे कुटुंब कोपीत राहते, पहाटे फडावर जाते, आणि वाहन येईल तेव्हा, मग रात्रीचे बारा का वाजेनात, ऊस भरते. तान्हे मूल फडाच्या कडेला झोळीत असते. अशा आईला ‘रोज आठ वाजता निजवा, खोलीत अंधार ठेवा’ असे सांगणे ही थट्टाच होईल. वेळ तिच्या हाती नाही, जागाही नाही. तोंड पुसणे, पाजणे, आणि मग नेहमीचे दोन शब्द नेहमीच्या स्वरात, एवढा क्रम मात्र कोपीतही पाळता येतो, आणि तो बापालाही पाळता येतो. आई ऊस भरत असता मूल ज्याच्याजवळ असेल त्याने तेच शब्द म्हणावेत.

कष्टकरी आईच्या ह्या अडचणीवर पूर्वी काय तोड निघाली होती, तेही सांगितले पाहिजे. १९२२ साली मुंबईच्या गिरण्यांतील स्त्री-कामगारांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांना, कामावर जाताना तान्ह्या मुलांना अफू देण्याची चाल सर्रास आढळली. ‘बाळागोळी’ ह्या नावाने ती मिळे. आज अफू गेली, परंतु गुंगी आणणारे सर्दी-खोकल्याचे औषध झोपेसाठी पाजण्याचा मोह कायम आहे. तो कटाक्षाने टाळावा. त्याने श्वास मंदावू शकतो.

झोळीविषयी दोन शब्द. तीत तान्ह्या मुलाची हनुवटी छातीला टेकून श्वासमार्ग दबण्याची भीती असते. म्हणून झोप लागल्यावर त्याला सपाट, घट्ट अंथरुणावर उताणे ठेवावे, आणि थंडीत गोधडी त्याच्या तोंडावर येणार नाही असे पाहावे. चालत्या-खेळत्या मुलाला झोळीजवळ एकटे सोडू नये. पीळ पडून गळ्याला फास बसल्याच्या घटना घडल्या आहेत. मूल झोपेत सतत घोरत असेल, श्वास मध्येच थांबत असेल किंवा पाजण्यासाठीही जागे होत नसेल, तर तेथे अंगाईचे काम नाही. त्याला तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.