पन्नासचा हम, शंभरचा हम

घरी जुळवलेला व्हॉल्व्हचा गिटार ॲम्प पहिल्यांदा चालू केला की व्हॉल्व्ह तापायला दहा-पंधरा सेकंद जातात, आणि गिटारच्या आधी ऐकू येतो तो हम. त्या क्षणी बहुतेकांचा हात सुट्या भागांकडे वळतो: कपॅसिटर बदला, महागडा व्हॉल्व्ह आणा, शील्डेड वायर घाला. जुन्या ॲम्पच्या बाबतीत ही सवय रास्त आहे. तीस-चाळीस वर्षांत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून सुकतो आणि तो बदलला की हम खरोखर जातो. घरी बांधलेल्या ॲम्पचे तसे नाही. त्यातले सगळे भाग कोरे असतात, म्हणून दोष भागात असण्यापेक्षा भाग कुठे बसवले आणि वायर कुठून नेल्या यात असण्याची शक्यता जास्त. जागेतला दोष खरेदीने सुटत नाही. तो आधी शोधावा लागतो, आणि शोधायचे सर्वांत चांगले साधन म्हणजे तो आवाजच.

अशा बांधणीसाठी सर्वांत लोकप्रिय नकाशा १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या फेंडर चॅम्पचा, म्हणजे ५एफ१ चा. एक १२एएक्स७, एक ६व्ही६, एक ५वाय३ रेक्टिफायर आणि जेमतेम पाच वॉट. हा नकाशा अमेरिकेतल्या ६० हर्ट्झच्या विजेसाठी काढलेला आहे. तिथे दोन्ही अर्धलहरी रेक्टिफाय झाल्यावर फिल्टर कपॅसिटर सेकंदाला १२० वेळा भरतो, आपल्याकडे १०० वेळा. दोन भरण्यांमधले अंतर वाढल्यामुळे त्याच १६ मायक्रोफॅरडवर रिपल साधारण २० टक्क्यांनी जास्त उरतो. त्यात चॅम्पमध्ये आउटपुट व्हॉल्व्ह एकच. पुश-पुल ॲम्पमध्ये रिपल दोन बाजूंनी येऊन बराचसा आपोआप कटतो, ती सोय इथे नाही. म्हणून मुंबई-पुण्यात बांधलेला चॅम्प नकाशाबरहुकूम असूनही थोडा जास्त घुमला, तर त्यात बांधणाऱ्याची चूक असेलच असे नाही. उपाय करायचा तर ६व्ही६ च्या स्क्रीनला वीज देणारा दुसरा कपॅसिटर मोठा करावा. पहिला बेतानेच वाढवावा, कारण ५वाय३ ला किती मोठा कपॅसिटर झेपतो याला मर्यादा आहे.

पण हे करण्याआधी हम शंभरचाच आहे याची खात्री हवी. वीजपुरवठ्यातला रिपल १०० हर्ट्झचा असतो. हीटरच्या ६.३ व्होल्ट एसी वायरींतून ग्रिडवर झिरपणारा हम ५० चा. गिटारवाल्याला मीटरचीही गरज नाही: सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी ९८ हर्ट्झचा असतो, शंभरचा हम त्याच्या केसभर वर लागतो. पन्नासचा म्हणजे तोच स्वर एक सप्तक खाली. इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. चॅम्पच्या आठ इंची स्पीकरला ५० हर्ट्झ धड वाजवताच येत नाहीत, त्यामुळे कानावर बऱ्याचदा त्याची वरची हार्मोनिक्सच पडतात. म्हणून कानाने फक्त संशय घ्यावा आणि पुरावा प्रयोगाने मिळवावा. हीटरचे वाइंडिंग सोडवून दोन्ही व्हॉल्व्हचे हीटर थोडा वेळ सहा व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीवर चालवले आणि हम गेला, तर गुन्हेगार सापडला. मग हीटरच्या वायरी घट्ट पिळून चॅसिसच्या कोपऱ्यातून न्याव्यात. वाइंडिंगला सेंटर टॅप नसेल तर शंभर ओहमचे दोन रेझिस्टर लावून कृत्रिम मध्य तयार करावा. बॅटरीवरही हम तसाच राहिला, तर हीटरच्या वायरी पुन्हा पिळण्यात रविवार घालवायचे कारण नाही.

आवाज कुठल्या टप्प्यात शिरतो हे शोधणे त्याहून सोपे. चॅम्पमध्ये व्हॉल्यूमचा पॉट १२एएक्स७ च्या दोन अर्ध्यांच्या मध्ये असतो. पॉट शून्यावर नेल्यावर हम गेला, तर तो पहिल्या अर्ध्यातून किंवा इनपुट जॅककडून येतो. तरीही राहिला, तर ॲम्प बंद करून १२एएक्स७ काढून ठेवावा आणि पुन्हा ऐकावे. आताही हम असेल तर संशय वीजपुरवठा, ६व्ही६ किंवा एकमेकांशी काटकोनात न बसवलेले ट्रान्सफॉर्मर एवढ्यांवरच उरतो. चालू ॲम्पमध्ये वायर हलवून पाहायची तर कोरडी लाकडी काडी घ्यावी आणि दुसरा हात खिशात ठेवावा. आत तीनशेहून अधिक व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये टिकू शकतात. सोल्डरिंगआधी ते रेझिस्टरमधून उतरवून मीटरने तपासलेच पाहिजेत.

सर्वांत जास्त वाद अर्थिंगवर होतो. मीटर सगळीकडे शून्य ओहम दाखवतो, मग ग्राउंडमध्ये दोष कसा, असे विचारले जाते. मीटरचे शून्य हे खरे शून्य नसते. पहिला कपॅसिटर भरताना करंट सलग वाहत नाही, छोट्या धक्क्यांनी येतो. ०.२ अँपिअरचा असा धक्का ०.०१ ओहमच्या तारेतून गेला तरी २ मिलिव्होल्ट उभे राहतात. तीच तार पहिल्या व्हॉल्व्हच्या कॅथोडचीही परतीची वाट असेल, तर हे २ मिलिव्होल्ट एकाच टप्प्यात मांडणीनुसार तीस ते साठ पट होतात आणि पुढे पुन्हा वाढतात. त्यामुळे पहिल्या कपॅसिटरचे ऋण टोक आधी ट्रान्सफॉर्मरच्या सेंटर टॅपला जोडावे आणि तिथून एकच वायर चॅसिसला द्यावी. पहिल्या व्हॉल्व्हचे ग्राउंड वेगळे, इनपुट जॅकपाशी न्यावे. अनेकजण सांगतात की तीन पिनी प्लगची अर्थ पिन काढली की हम थांबतो. थांबतो कधीकधी, पण गिटारच्या तारा केबलमधून चॅसिसला जोडलेल्या असतात. ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन फाटले तर २३० व्होल्ट थेट वाजवणाऱ्याच्या बोटांत येतात. हा उपाय कोणी सुचवू नये आणि कोणी करू नये.

मग व्हॉल्व्हमध्ये थोडा आवाज असायचाच, असे म्हणणाऱ्यांचे काय? हिसपुरते ते बरोबर आहेत. रेझिस्टर नुसता उबदार असल्यानेही आवाज करतो, हे जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ साली मांडले. इनपुटच्या ६८ किलोओहमच्या रेझिस्टरमध्ये २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात पाचेक मायक्रोव्होल्ट तयार होतातच. प्लेटला जुन्या पद्धतीचा कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर असेल तर तो मेटल फिल्म करून हिस थोडी उतरते, पण तळ तिथेच राहतो. हमला असा निसर्गदत्त तळ नाही. तो जवळजवळ मिटेपर्यंत शोध सोडू नये.

आणि सगळे शांत झाल्यावर गिटार लावताच घरघर परत आली, तर ॲम्प पुन्हा उघडू नये. सिंगल कॉइल पिकअप भोवतालच्या विजेचे क्षेत्र पकडतो. त्यावर उतारा म्हणून सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये गिब्सनसाठी हमबकर घडवला. गिटार घेऊन ॲम्पसमोर हळूहळू वळत जावे: एका कोनात घरघर जवळपास नाहीशी होते आणि पुढे वळले की पुन्हा चढते.