रोज नवा पदार्थ, सामान मात्र डब्यातलंच

रोज एक नवा पदार्थ करायचा, तोही महिनाभर किंवा वर्षभर, असा संकल्प हल्ली बऱ्याच घरांत सोडला जातो. पहिला आठवडा हौसेत जातो. दुसऱ्यात वाणसामानाची यादी लांबत जाते, आणि मग चमचाभरच वापरलेल्या सॉसच्या बाटल्या फ्रीजच्या दारात उभ्या राहतात. संकल्प मोडला की दोष करणाऱ्याच्या आळसाला दिला जातो, पण तो अन्याय आहे. नवेपणा सामानात शोधला की खर्च आणि दगदग रोज नव्याने करावी लागते. सामान तेच ठेवून कृती बदलली, तर हा संकल्प सातारा-सांगलीतल्या साध्या स्वयंपाकघरातही तडीस जाऊ शकतो.

या प्रकारातलं जगभर गाजलेलं उदाहरण न्यूयॉर्कच्या ज्युली पॉवेलचं. २००२ मध्ये तिने ३६५ दिवसांत ५२४ पाककृती करायचं ठरवलं आणि ते पार पाडलं. या पाककृती तिने दाही दिशांनी गोळा केलेल्या नव्हत्या. सगळ्या ज्युलिया चाइल्ड आणि तिच्या सहलेखिकांच्या एकाच पुस्तकातल्या होत्या. ही मर्यादा होती म्हणूनच ते वर्ष निभावलं, असं मला वाटतं. आपल्याकडे असं पुस्तक शोधायला लांब जावं लागत नाही. ‘रुचिरा’ १९७० साली आलं. ते लिहिणाऱ्या कमलाबाई ओगले किर्लोस्करवाडीशेजारच्या कुंडलच्या, सासर सांगलीचं, शालेय शिक्षण बेताचंच. त्यांनी मापं वाटी-चमच्यात दिली, आणि त्यामुळे पदार्थ हातच्या अंदाजातून सुटून कुणाच्याही हाती आला. पुस्तकाचा हा गुण मला सगळ्यात मोलाचा वाटतो. माप ठरलेलं असलं की एखादी गोष्ट धीटपणे बदलता येते, आणि बिघडलं तर कशामुळे बिघडलं तेही कळतं. रोज नवं करणाऱ्याला याहून मोठा आधार नाही.

आता सामानाकडे पाहू. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास. पावसातल्या या फरकामुळे पिकंही बदलतात: जावळी-पाटणच्या डोंगरात भात आणि नाचणी, माण-खटाव, आटपाडी, जतकडे बाजरी, मटकी, हुलगा, मध्ये कृष्णाकाठची वांगी आणि सांगलीची हळद, शिवाय कोरेगावचा वाघ्या घेवडा. एकट्या हुलग्याचंच बघा. पिठलं होतं, उसळ होते, शिजवलेल्या हुलग्याच्या पाण्याचं कळण होतं, गूळ घालून माडगं होतं आणि शेंगोळे होतात. शेंगोळ्यांसाठी हुलग्याच्या पिठात लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून घट्ट मळायचं, तळहातावर लांब वळून टोकं जुळवायची आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात एकेक सोडायचं. थोडं पीठ पाण्यात कालवून वरून ओतलं की रस दाट होतो. एक शेंगोळा मोडून बघावा. आत कोरडं पीठ दिसेनासं झालं की उतरवावं. म्हणजे एका कडधान्याचे पाच दिवस झाले, आणि बाजारातून आणलं काय, तर एक पायली हुलगे.

यावर कुणी म्हणेल, हे तर आजीचंच जेवण, यात नवं ते काय? माणमधल्या दहिवडीच्या घरात माडगं जुनं असेल. सांगलीत वाढलेल्या मुलाने ते बहुधा कधी चाखलेलंही नसतं. महाबळेश्वरकडची नाचणीची आंबील जतच्या ताटात तितकीच नवी. शेजारच्या दोन जिल्ह्यांतले तालुके एकमेकांच्या चुलीला इतके अनोळखी आहेत, तर नवेपणासाठी ऑलिव्हच्या बरणीवर अडून बसायचं कारण नाही. पास्त्याला माझा विरोध नाही, रविवारी जरूर व्हावा. मुलं खात नाहीत, ही तक्रार जास्त खरी आहे. पण अनोळखी चव मुलांना पटायला ती आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा समोर यावी लागते, असं बालआहाराचे अभ्यासक सांगतात. रोज सगळंच बदललं तर कुठलीच चव रुळणार नाही. चाकवत आज ताकातला, दोन दिवसांनी डाळ घालून, पुढच्या आठवड्यात थालीपिठात, असा आला तर पदार्थ नवा असतो आणि चव ओळखीची होत जाते.

सगळ्यात गंभीर आक्षेप मात्र वेगळा आहे: हा संकल्प बाईच्याच डोक्यावर बसतो. २०२४ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावरचा दिवसाचा सरासरी वेळ २८९ मिनिटं आला, आणि पुरुषांचा ८८. या तफावतीत रोजच्या नव्या पदार्थाची भर टाकणं ही हौस राहत नाही, ती जुलमाची वेठ होते. म्हणून भाकरी, आमटी, भात रोजचंच राहू द्यावं आणि ताटातली एकच वाटी नवी असावी. ती वाटी आळीपाळीने घरातल्या प्रत्येकाची. ज्याची पाळी त्यानेच निवडणं, भिजत घालणं, करणं, मापं वहीत लिहिणं आणि भांडी घासणंही. मटकीला मोड हवे असतील तर आदल्या दिवशी सकाळीच ती पाण्यात पडायला हवी आणि रात्री फडक्यात बांधायला हवी. ही आठवण ठेवायचं कामही त्या पाळीतच धरावं.