रोजा सुटला तरी थंडी जात नाही तेव्हा

सहरीच्या वेळी सर्वांत आधी उठते ती घरातली बाई. चारच्या सुमारास ती गॅस पेटवते, रात्रीचे सालन गरम करायला ठेवते, पीठ मळते आणि मग एकेकाला हाका मारते. मुले डोळे चोळत दस्तरखानाशी येतात तेव्हा तिच्या अंगात स्वेटर, त्यावर शाल आणि पायांत मोजे असतात. पहाटेचा गारवा आहे, म्हणून कुणाला नवल वाटत नाही. पण जोहरच्या वेळी, बाहेर ऊन तापलेले असताना, ती पंखा बंद करायला सांगते. घरात थट्टा होते, "अम्मीला तर मे महिन्यातही रजई लागते." सासू म्हणते, रोज्यांमुळे कमजोरी आलीय, ईदनंतर जाईल. ईद येते, शीरखुर्मा होतो, पाहुणे येऊन जातात. शाल मात्र खांद्यावरच राहते.

रोज्यात थोडी थंडी वाजणे यात वावगे काही नाही. अन्न पचवताना शरीरात ऊब तयार होत असते. दुपारनंतर पोट रिकामे झाले की ती मिळत नाही. नेहमीचा चहा सुटलेला असतो, झोप अर्धवट झालेली असते. असरनंतर हातपाय गार पडतात, बसल्या जागी पांघरूण ओढावेसे वाटते. ही थंडी इफ्तारनंतर तासा-दोन तासांत निघून जाते. जी थंडी तरावीहनंतरही अंगात राहते, जी शाबानमध्येही होती आणि शव्वालमध्येही असणार आहे, तिचा ठपका रोज्यावर ठेवता येत नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०३० मध्ये तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा, असा एकाच वर्षात दोनदा तो सुरू होईल. पुढची काही वर्षे रोजे थंडीच्या दिवसांत येणार, म्हणजे ही गल्लत आणखी वाढणार.

शरीराची ऊब दोन गोष्टींवर टिकते. आत चूल नीट पेटलेली हवी आणि तिची धग बोटांच्या टोकांपर्यंत नेणारे रक्त चांगले हवे. चुलीची आच कमी-जास्त करण्याचे काम मुख्यतः गळ्यातील थायरॉइड ग्रंथी करते. रक्तात हिमोग्लोबिन कमी पडले तर पेशींना प्राणवायू पुरत नाही आणि ऊब तयार होणेही मंदावते, पोहोचणेही. सतत थंडी वाजणाऱ्या बाईच्या बाबतीत डॉक्टर आधी या दोन गोष्टी तपासतात.

रक्ताचे दुखणे आपल्याकडे घरोघरी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील देशातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४.२ टक्के होते. दोनपैकी एकीहून जास्त. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय समजतात. पण ते एका दिवसात घसरत नाही, आणि शरीर हळूहळू त्याची सवय करून घेते. म्हणून आठ-नऊवर आलेली बाईसुद्धा स्वयंपाक करते, कपडे धुते, वीस माणसांच्या इफ्तारीची भजी तळते आणि "मला काही झालेले नाही" म्हणते. जिना चढताना दम लागतो, केस गळतात, डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली तर आतून फिकी दिसते, नखे चमच्यासारखी खोलगट होतात. काहींना माती, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खावासा वाटतो. घरचे त्याला खोड समजतात, पण लोह कमी पडल्याची ती ओळखीची खूण आहे.

रक्त जाते कुठे? बहुतेक वेळा पाळीत. याबद्दल घरात कुणी बोलत नाही. पाळीच्या दिवसांत रोजा नसतो, तरी पुरुषांसमोर पाणी पिताना संकोच वाटतो म्हणून कितीतरी मुली आणि बायका दिवसभर रोजेदारासारख्याच वावरतात. जेवण चुकते, पाणी चुकते, तेही रक्त जाण्याच्या दिवसांत. पण याच महिन्यात स्त्री एक गोष्ट चोख करते. किती रोजे सुटले ते मोजून ठेवते, कारण नंतर कजा फेडायची असते. हा हिशेब डॉक्टरांनाही उपयोगी पडतो. रक्तस्राव आठ दिवसांहून जास्त चालत असेल, तास-दोन तासांनी कपडा बदलावा लागत असेल, गाठी पडत असतील, तर कजाच्या आकड्याबरोबर ही गोष्टही डॉक्टरांना सांगायला हवी. नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. गळती सुरू राहिली तर हौद भरणार कसा?

या बाबतीत खजुराचा मोठा आधार वाटतो. खजुराने रोजा सोडणे सुन्नत आहे, त्याने लगेच तरतरीही येते. पण तीन खजुरांनी रक्त भरून येत नाही. भारतीय स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे आणि त्यात तीन खजुरांचा वाटा फार थोडा. बीटचा लाल रंग पाहून लोक बीटचा रस पितात, पण तो रंग लोहाचा नसतो. खिमा, कलेजी यांतले लोह अंगी चांगले लागते (गरोदर स्त्रियांनी कलेजी बेतानेच खावी, तिच्यात अ जीवनसत्त्व फार असते). पालेभाज्या, हरभरा, मसूर यांवर लिंबू पिळले की त्यांतले लोह जास्त शोषले जाते. आणि आपण नेमके काय करतो? इफ्तार आटोपला की लगेच कडक चहा. चहातील टॅनिन लोह अडवते. चहा तास-दीड तास पुढे ढकलला तरी पुष्कळ फरक पडतो. लोहाच्या गोळीचे तेच. ती दुधाबरोबर किंवा चहाबरोबर घेतली तर बरीचशी वाया जाते.

गोळ्या मात्र तपासणीशिवाय सुरू करू नयेत. थॅलेसेमिया मायनर असलेल्यांचे हिमोग्लोबिन जन्मापासूनच थोडे कमी असते, लोह मात्र पुरेसे असू शकते. अशांना महिनोन् महिने लोह देण्यात अर्थ नसतो. आणि पन्नाशीच्या पुरुषाच्या रक्तात लोह कमी निघाले तर मूळव्याध, अल्सर, आतड्याचा आजार यांपैकी कुठून रक्त जाते आहे ते शोधलेच पाहिजे. "अब्बांना थंडी जास्त वाजते, वय झाले" एवढ्यावर थांबून चालत नाही.

दुसरे कारण थायरॉइडचे. ही ग्रंथी सुस्तावली की सगळे शरीर मंदावते. थंडी सोसत नाही, वजन वाढते, बद्धकोष्ठ होते, त्वचा कोरडी पडते, आवाज घोगरा होतो, सकाळी तोंड सुजल्यासारखे दिसते, विसरायला होते. पाळीत रक्तही जास्त जाते, म्हणजे हा आजार रक्तक्षयालाही घरात घेऊन येतो. अशा बाईला लोक आळशी म्हणतात, हा तिच्यावर मोठा अन्याय आहे. या आजारावर उपाय सापडला तो १८९१ मध्ये. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने ४६ वर्षांच्या एका स्त्रीला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. ती त्यानंतर २८ वर्षे जगली. आज मेंढीची गरज नाही. टीएसएच नावाची रक्ताची एक तपासणी आणि रोज एक लहानशी गोळी, एवढ्यावर बहुतेकांचे काम भागते.

रमजानमध्ये घोटाळा होतो तो या गोळीच्याच बाबतीत. ती रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते. सकाळची वेळच उरली नाही म्हणून कितीजणी महिनाभर ती बंद ठेवतात. एखादा दिवस चुकला तर फारसे बिघडत नाही, या औषधाचा अंमल दिवसेंदिवस टिकतो. पण महिनाभर बंद ठेवली की ईदच्या सुमारास पुन्हा शाल, पुन्हा सुस्ती. सहरीला उठल्याबरोबर गोळी घ्यावी आणि अर्ध्या-पाऊण तासाने खावे, ही एक सोय. ते जमत नसेल तर रात्री, शेवटच्या खाण्यानंतर तीनेक तासांनी. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचे अंतर हवे. कोणती वेळ धरावी ते आपल्या डॉक्टरांशी रमजानच्या आधीच ठरवलेले बरे.

काहींना थंडी साऱ्या अंगाला नव्हे, फक्त बोटांना वाजते. फजरच्या वजूला नळाचे गार पाणी हातावर पडले की बोटे पांढरीफटक होतात, मग निळसर, मग लाल होऊन ठणकतात. फ्रान्सच्या मॉरिस रेनो यांनी १८६२ मध्ये याचे वर्णन केले, आणि त्यांचेच नाव या दुखण्याला आहे. बऱ्याच तरुण मुलींमध्ये ते निरुपद्रवी असते, पण सांधेही दुखत असतील किंवा बोटांची कातडी ताठरत असेल तर तपासणी हवी. वजूसाठी पाणी कोमट करून घ्यायला कुणाचीच हरकत नसते.

मधुमेहींचे पाय हा वेगळाच विषय. नसा बिघडल्या की पाय गार वाटतात, हात लावून पाहिले तर गरम असतात. मग गरम पाण्याची पिशवी किंवा शेगडी जवळ घेतली जाते, चटका बसलेला कळत नाही आणि जखम महिनोन् महिने चिघळते. वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकते, त्यानेही मुंग्या येतात आणि रक्त कमी होते. रोज्यात अचानक थरथर, घाम, धडधड सुरू झाली तर ती थंडी समजू नये, साखर बघावी. ती ७० च्या खाली असेल तर मगरिबला दहा मिनिटे उरलेली असली तरी रोजा तिथेच सोडायचा असतो. रक्तदाबाच्या किंवा धडधडीच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, हात गार पडतात. तेवढ्यासाठी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. संध्याकाळी कणकण, रात्री घाम आणि उतरत जाणारे वजन असेल, तर थुंकीची तपासणी लांबवू नये.

एवढे असून बाई दवाखान्यात का जात नाही? पैसा आणि वेळ ही कारणे आहेतच. पण रमजानमध्ये एक भीती आणखी असते. डॉक्टर रोजे ठेवू नका म्हणतील ही. म्हणून शाबानमध्ये "ईदनंतर बघू" ठरते आणि ईदनंतर पाहुण्यांत राहून जाते. वास्तविक नीट उपचार चालू असलेल्या थायरॉइडच्या आणि सौम्य रक्तक्षयाच्या बहुतेक रुग्णांना रोजे ठेवता येतात, फक्त गोळ्यांच्या वेळा बदलाव्या लागतात. हिमोग्लोबिन फारच खाली असेल, गरोदरपण असेल, तर गोष्ट वेगळी. त्यासाठीच सूरह बकरहच्या १८४ व १८५ या आयतींत आजाऱ्याला इतर दिवशी संख्या पूर्ण करण्याची मुभा दिली आहे. ती मुभा घेणारी बाई इबादतीत मागे पडली, असे घरातल्या कुणीही सुचवू नये. सासूने तर नाहीच.

तपासणीसाठी रोजा सोडावा लागत नाही. रक्त काढून दिल्याने रोजा तुटत नाही असे बहुतेक उलेमांचे मत आहे. हिमोग्लोबिनची तपासणी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, लोहाच्या गोळ्याही तिथे मिळतात. मुलांची शाळा सुटायच्या आत, अकरा-साडेअकराला जाऊन येता येते. सोबत नवरा किंवा मुलगी गेली तर अधिक चांगले, कारण एकटी गेलेली बाई डॉक्टरांसमोरही "तसे काही नाही, थोडी थंडी वाजते" एवढेच सांगते आणि परत येते.