ताण सर्व्हरवर, खोळंबा रांगेत

गर्दीच्या वेळी फाइल सर्व्हर मंदावला की पहिली मागणी होते ती मोठ्या यंत्राची. एनएफएसचा गेल्या चाळीस वर्षांचा प्रवास पाहिला तर ही मागणी बहुधा घाईची ठरते. दुखणे यंत्राच्या ताकदीत क्वचितच असते. विनंत्या कुठे खोळंबतात आणि किती वेळा परत येतात, तिथे ते शोधावे लागते. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८५ मध्ये ही व्यवस्था आणली तेव्हा ती यूडीपीवर चालत असे. लिहिण्याची आठ किलोबाइटची एक विनंती इथरनेटवर सहा पॅकेटांत विभागली जाई आणि त्यांतले एक हरवले तरी सगळी विनंती पुन्हा पाठवावी लागे. त्याहून वाईट म्हणजे, उत्तराला नुसता उशीर झाला तरी क्लायंट तीच विनंती पुन्हा धाडी, आणि आधीच दमलेल्या सर्व्हरवर तेच काम दुसऱ्यांदा येऊन पडे. १९८९ मध्ये चेट युश्चाक यांनी नुकत्याच पुऱ्या केलेल्या विनंत्यांची नोंद सर्व्हरवर ठेवण्याचा उपाय मांडला, तो याच दुष्टचक्रावर. १९९१ मध्ये रिक मॅकलेम यांनी बीएसडीवरचे आपले अनुभव मांडले, त्यातही भर वाट पाहण्याचा अवधी नीट ठरवण्यावर आणि टीसीपीवर होता. यांपैकी एकाही उपायाला नवी डिस्क लागली नाही.

लिहिण्याच्या कामात खोळंबा आणखी खोल होता. दुसऱ्या आवृत्तीत डेटा कायमच्या साठ्यावर पोचल्याशिवाय सर्व्हरने होकार द्यायचा नाही, असा नियम होता. १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीने आधी लिहून घेण्याची आणि शेवटी एकदाच कमिट करण्याची सोय दिली. त्यावर कोणी म्हणेल, मग एक्सपोर्टवर सरळ 'एसिंक' का लावू नये? वेग नक्की वाढतो, पण सर्व्हर अचानक बंद पडला तर होकार मिळालेला डेटाही जातो आणि क्लायंटला त्याचा पत्ता नसतो. लिनक्सच्या एनएफएस-युटिल्सने १.०.० नंतर 'सिंक' हाच मूळ पर्याय केला, तो मला पूर्णपणे योग्य वाटतो.

आता एनव्हीएमई आल्यावर हा सगळा विचार जुना झाला, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. हजारो लहान फाइली उघडताना प्रत्येक फाइलमागे नेटवर्कच्या फेऱ्या होतात. त्या डिस्कच्या वेगाने कमी होत नाहीत. थ्रेड वाढवण्याचेही तसेच. लिनक्समध्ये डिस्कची वाट पाहत अडकलेले थ्रेडही लोड ॲव्हरेजमध्ये धरले जातात. म्हणून लोड पन्नास दिसतो आणि प्रोसेसर मात्र मोकळा असतो. अशा वेळी आठाचे चौसष्ट थ्रेड केले तर डिस्कपुढची रांगच लांबते. थ्रेड खरोखर अपुरे असतील तर वाढवावेतच, पण आधी क्लायंटवर 'एनएफएसआयओस्टॅट' चालवावे. त्यात फेरीचा वेळ आणि विनंतीचा एकूण वेळ वेगळे दिसतात. फेरी झटपट आणि एकूण वेळ लांब असेल, तर विनंती क्लायंटमधूनच उशिरा निघते आहे, आणि सर्व्हरवर कितीही पैसा ओतला तरी तिला फरक पडणार नाही.