एसएमपीएस जळाला म्हणून संगणक भंगारात काढू नका!

२०२४ च्या जुलै महिन्यातील गोष्ट. आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत वर्गणी काढून घेतलेला एकुलता एक संगणक आहे. संध्याकाळी वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि परत येताच संगणकातून 'फट्' असा आवाज झाला. जळका वास सुटला, पडदा काळा पडला. मुलांचे जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, गुणपत्रिका सारे स्कॅन करून त्यातच ठेवलेले. त्यात शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे दिवस. पोरांची तोंडे उतरली.

दुकानदाराने दोन मिनिटांत निकाल दिला, "साहेब, आतले सगळे गेले. नवीन घ्या. जुना डबा ठेवून घेतो, हजार रुपये वजा करतो." आम्ही 'हो' म्हणणारच होतो. तेवढ्यात आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचे शिक्षण घेणारी आमच्याच वस्तीतील मुलगी म्हणाली, "काका, डबा देऊ नका. एकेक वस्तू तपासून बघू."

आम्ही पेशाने कारकून. तिचे म्हणणे आम्हाला लगेच पटले. तेरीज जुळली नाही म्हणून कोणी कीर्द-खतावणी फेकून देत नाही. एकेक नोंद तपासून चूक शोधतात. संगणकाचेही तसेच आहे.

संगणकात वीज शिरते ती एसएमपीएस नावाच्या पत्र्याच्या पेटीतून. घरातील २३० व्होल्टची वीज घेऊन ही पेटी आतील भागांना मुख्यतः १२, ५ आणि ३.३ व्होल्ट पुरवते. पेटी बंद पडताना पुढचे भाग वाचतात किंवा काही जळतात. चांगल्या पेटीत जादा दाब झाल्यास पुरवठा तोडण्याची सोय असते, अगदी स्वस्त पेटीत तिचा भरवसा नसतो. म्हणून 'सगळे गेले' हेही खरे धरू नये आणि 'फक्त पेटी गेली' हेही. तपासावे.

प्रथम प्लग काढावा. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये टेबल-फॅन लावून वीज येते का, ते पाहावे. एसएमपीएसची पेटी मात्र कोणीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्या आतील कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब काही काळ साठून राहू शकतो. तो जिवावर बेतू शकतो.

मग त्या मुलीने पेटीच्या सर्व वायरी इतर भागांपासून सोडवल्या. २४ पिनांच्या मोठ्या जोडणीतील हिरवी वायर आणि शेजारची काळी वायर एका वाकवलेल्या पेपर-क्लिपने जोडली, आणि त्यानंतरच प्लग लावला. पेटी जिवंत असेल तर बहुधा तिचा पंखा फिरतो. आमचा फिरला नाही. पंखा फिरला तरी तेवढ्यावर विश्वास ठेवू नये. मल्टीमीटरने मोजावे: काळ्या वायरीच्या तुलनेत पिवळीवर ११.४ ते १२.६, तांबडीवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट यायला हवेत. आकडे बरोबर आले तरी भार पडल्यावर ते घसरू शकतात, हेही लक्षात ठेवावे. हे काम जाणकार माणसाकडूनच करून घ्यावे. सर्व वायरी काळ्याच असतील तर अंदाजाने काही जोडू नये.

यापुढचा नियम सर्वात महत्त्वाचा. संशयित पेटीवर चांगली वस्तू लावून पाहू नये. आधी खात्रीची पेटी आणावी. आम्ही नवीन आणली. तिच्यावर फक्त मदरबोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा आणि छोटा स्पीकर जोडला. रॅम मुद्दाम लावली नाही. पेटी सुरू करताच 'बीप-बीप' आवाज आला. रॅम नसल्याची ती तक्रार होती! म्हणजे बोर्ड आणि प्रोसेसर जिवंत होते. नंतर एकेक रॅम लावली. एकीवर पडदा उजळला, दुसरीवर नाही. प्रत्येक वेळी प्लग काढूनच वस्तू बदलली.

हार्ड डिस्क सर्वात शेवटी जोडली. बाकीचे भाग बाजारात मिळतात, मुलांचे कागद मिळत नाहीत. ती लागली, फिरली, आणि सगळे दाखले जसेच्या तसे दिसले. तिथे बसलेल्या एका आईने डोळे पुसले. डिस्क लागली नसती तरी ती आम्ही टाकली नसती. फिरत्या चकतीच्या डिस्कमध्ये पुष्कळदा खालचे सर्किट जळते, चकतीवरची माहिती शाबूत राहते. ती जाणकाराकडून काढून घेता येते. तिचे सर्किट मात्र दुसऱ्या डिस्कचे काढून बसवू नये.

हिशेब असा झाला: एक एसएमपीएस आणि एक रॅम गेली, बाकी सर्व वाचले. दुकानदाराला डबा दिला असता तर हजार रुपयांत मुलांचे दाखलेही गेले असते.

चूक आमचीही होती. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावून आम्ही अर्थिंग तोडले होते, आणि पेटी घेताना सर्वात स्वस्त मागितली होती. आता सॉकेटचे अर्थिंग तपासून घेतले आहे, मुलांच्या कागदांची एक प्रत पेन ड्राइव्हवर वेगळी ठेवली आहे, आणि वीज ये-जा करू लागली की प्लग काढून ठेवतो.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरात संगणक पोटाला चिमटा काढून येतो. तो बंद पडला तर घाबरू नका. 'कोणता भाग गेला, तो कसा तपासलात, दाखवा,' असे दुकानदाराला विचारा. आणि काही झाले तरी हार्ड डिस्क आपल्या हातात ठेवा.