विमा एजन्सी काढायचीय? आधी स्वतःला हे प्रश्न विचारा

बेळगाव : दहावी-बारावीनंतर नोकरी नाही, दुकान काढायला भांडवल नाही, मग 'विम्याचं काम कर' असा सल्ला हमखास मिळतो. काम चांगलं आहे, पण सगळ्यांना जमतंच असं नाही.

आधी नियम पाहू. विमा नियामक 'इर्डाई'च्या नियमांनुसार एजंटला एक जीवन विमा, एक सर्वसाधारण विमा आणि एक आरोग्य विमा कंपनी घेता येते. एकाच प्रकारात दोन कंपन्यांचं काम चालत नाही. गिऱ्हाइकाला अनेक कंपन्यांचे दर दाखवायचे असतील, तर ब्रोकरमार्फत 'पीओएसपी' होणं हा सोपा मार्ग. त्याला दहावी पास, १८ वर्षं पूर्ण, १५ तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा लागते. मात्र ठरावीक साध्या पॉलिसीच विकता येतात. स्वतः ब्रोकर व्हायचं तर कंपनी किंवा तत्सम संस्था काढावी लागते आणि किमान ७५ लाखांचं भांडवल लागतं.

कमाईचा हिशेब

समजा, १५ हजारांच्या हप्त्यावर १५ टक्के कमिशन मिळालं, तर हातात २,२५० रुपये. महिन्याला २० हजार हवे असतील तर अशा नऊ पॉलिसी लागतील, आणि पेट्रोल-फोनचा खर्च वेगळा. पहिल्या सहा महिन्यांत भाऊबंद, मित्र, गल्लीतले संपतात. खरी कसोटी त्यानंतर. म्हणून वर्षभराचा घरखर्च बाजूला असलेला किंवा घरात दुसरी कमाई असलेला माणूसच टिकतो. नूतनीकरणाचं कमिशन पुढे आधार देतं, पण गिऱ्हाईक टिकलं तरच.

सीमाभागात कोणाला जमेल?

पॉलिसीची कागदपत्रं बहुधा इंग्रजीत, गिऱ्हाईक मराठी किंवा कन्नड बोलणारं. खानापूर, निपाणीकडे दोन्ही भाषांत अटी समजावणारा माणूस लोकांना हवा असतो. झेरॉक्सचं दुकान, गॅरेज, कर सल्लागाराचं ऑफिस चालवणाऱ्यांकडे माणसांची ये-जा आधीच असते. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा मिळतो; तो संपल्यावर अनेकांच्या लक्षातही राहत नाही. अशा तारखा वहीत टिपून वेळेवर फोन करणाऱ्याला काम मिळत राहतं.

कोणी या वाटेला जाऊ नये?

'बीपी-शुगर लिहू नका, काही होत नाही' असं सांगणाऱ्याने तर नाहीच. आजार लपवला की क्लेम नाकारला जाऊ शकतो, आणि दवाखान्याचं बिल त्या घराला कर्ज काढून भरावं लागतं. आपल्या कमिशनमधून सूट देऊन पॉलिसी विकणंही विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार गुन्हा आहे. गिऱ्हाइकाच्या हप्त्याचे पैसे स्वतःच्या खात्यात 'दोन दिवस' फिरवणाराही धोक्याचा : हप्ता कंपनीकडे पोहोचल्याशिवाय विमा लागू होत नाही. मधल्या दिवसांत अपघात झाला तर काय?

'नको' ऐकून न चिडणारा, हिशेब चोख ठेवणारा आणि क्लेमच्या वेळी रात्रीही फोन उचलणारा माणूस या धंद्याला योग्य. पॉलिसी विकताना सगळेच गोड बोलतात. पण एजंटची खरी ओळख होते ती दवाखान्याच्या काउंटरवर.